हायड्रोजनच्या ओट्यावरचा पहारेकरी

सरळच सांगतो, मित्रांनो. तुम्ही दारातून आत आलात तेव्हा पहिल्यांदा मला तुमचाच संशय आला. खिशात काय आहे? केसांवर काय फवारलंय? हाताला कसला वास येतोय? राग मानू नका. संशय घेणं हाच माझा धंदा होता. मी गॅस अलार्म आहे, जुना, आता कामावरून उतरवलेला. विद्यापीठातल्या एका संशोधन प्रयोगशाळेत, छतापासून वीतभर खाली, मी सतरा वर्षं भिंतीला पाठ लावून होतो. त्या सतरा वर्षांत मी एकाही माणसावर पुरता विश्वास टाकला नाही. तिथे माझी चूक झाली नाही. चूक दुसरीकडेच झाली, आणि ती सांगायला मला अजून लाज वाटते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या एका बाईनं माझं नाक बसवलं. नाक म्हणजे काय, तर जाळीमागचा मोहरीएवढा मणी. तो सतत तापलेला असतो. हवेत पेट घेणारा गॅस आला की तो आणखी तापतो, माझा हिरवा दिवा लाल होतो आणि मी बोंब ठोकतो. त्या बाईनं एका छोट्या बाटलीतून माझ्या नाकाशी थोडा गॅस सोडला. मी असा काही किंचाळलो की ती खुर्चीतच दचकली, मग हसली आणि माझ्या कुशीवर चिठ्ठी डकवून तिनं मला खोक्यात घातलं. सोबत एक माहितीपुस्तक होतं. त्याच्या अकराव्या पानावर लिहिलं होतं की, दर सहा महिन्यांनी अलार्मच्या नाकाला असाच बाटलीतला गॅस द्यावा आणि तो ओरडतो का ते पाहावं. ते पुस्तक पुढे डुगडुगणाऱ्या एका कपाटाच्या पायाखाली टेकू म्हणून गेलं. कपाट डुगडुगायचं थांबलं, आणि पान अकरा त्याच्या वजनाखाली गेलं.

मला जिथे लावलं, त्या भिंतीखाली हायड्रोजनचा ओटा होता. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. आला कधी, गेला कधी, कुणाला ताकास तूर लागू देत नाही. हवेपेक्षा हलका, म्हणून सुटला की थेट छताकडे जातो. त्यासाठीच मला इतक्या उंचावर ठोकलं होतं. ओट्याच्या एका टोकाला साखळीनं बांधलेला उंच सिलिंडर, तिथून निघालेली बारीक नळी, आणि नळीच्या शेवटी भट्टी. दाराशी डोळे धुवायचं बेसिन, दोन लाल अग्निशामक, आणि आग लागली तर कुठून पळायचं याचा नकाशा. त्या नकाशासमोर कुणीतरी कायम आपला कोट टांगून ठेवायचं. तेव्हाच मी ओळखलं, ही मंडळी लक्ष ठेवण्यासारखी आहेत.

पहिल्या वर्षी मी खरी कामगिरी केली. नळीचा एक सांधा सैल होता. मी बोंबललो, सगळे बाहेर धावले आणि सांधा सापडला. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम तेव्हा तरुण होत्या. त्यांनी खाली उभं राहून मला दोन्ही हातांनी नमस्कार केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, मित्रांनो, त्या टाळ्या माझ्या डोक्यात गेल्या.

मग मी कशालाही ओरडायला लागलो. कुणी स्पिरिटनं ओटा पुसला की ओरड. कुणी नखांचा रंग काढला की ओरड. एकानं परिषदेला जायच्या घाईत केसांवर भसाभसा काहीतरी फवारलं, तेव्हा मी सबंध मजला रस्त्यावर काढला. लोक वैतागले. त्यांनी माझं नाव ‘बोंबल्या’ ठेवलं. एका उंच संशोधक विद्यार्थ्यानं तर एके दिवशी माझ्या नाकावर रबरी हातमोजा चढवला आणि वर म्हणाला, “झोप आता.” सगळे त्याला थोरला म्हणायचे, कारण त्याचं संशोधन संपता संपत नव्हतं. मॅडमनी मोजा पाहिला तेव्हा त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. पण मी मात्र तेव्हापासून त्याच्यावर डूख धरला. तो खालून नुसता गेला तरी मी मनात म्हणायचो, ह्याच्या मनात काहीतरी आहे.

एकच माणूस असा होता की ज्याच्याबद्दल माझ्या मनात पाल कमी चुकचुकायची. ते म्हणजे मामा. प्रयोगशाळेचे मदतनीस. काचेची भांडी धुणं, सिलिंडर बदलणं, चाव्या सांभाळणं, सगळं त्यांच्याकडे. विद्यार्थी त्यांना मामा म्हणायचे, मॅडमसुद्धा मामाच म्हणायच्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते स्टूल घेऊन यायचे, वर चढायचे आणि माझ्या बाजूचं चाचणीचं बटण दाबायचे. माझा भोंगा वाजायचा, लाल दिवा लागायचा. मामा कानात बोट घालून म्हणायचे, “ठणठणीत आहे गडी!” मग खाली टांगलेल्या कार्डावर सही करायचे. एक महिना चुकला नाही.

आणि दर शनिवारी ते मला पुसायचे. आधी नुसत्या फडक्यानं. तीन वर्षांपूर्वी त्यांना कपाटं चमकवायच्या फवाऱ्याचा एक डबा मिळाला. तेव्हापासून कपाटांबरोबर मलाही दोन फवारे मिळू लागले. “इतक्या वर लटकतोस म्हणून काय घाणेरडं राहायचं?” असं बोलत ते घासायचे. मी इतका चमकायचो की ट्यूबलाइट माझ्यात दिसायची. आमच्या खोलीत माझी एवढी काळजी दुसऱ्या कुणी घेतली नाही. मी मामांचा होतो, असं म्हटलं तरी चालेल.

पूर्वी सहा महिन्यांनी एक तंत्रज्ञ बाटली घेऊन यायचा आणि नाकाला गॅस देऊन जायचा. पुढे तो यायचा बंद झाला. का, ते कुणी विचारलं नाही. बटण तर दर महिन्याला दाबलं जातच होतं ना!

याच काळात एक चमत्कार घडला. माझं उगाच ओरडणं कमी झालं. स्पिरिटला मी ओरडेना. केसांच्या फवाऱ्याला ओरडेना. लोक म्हणू लागले, “बोंबल्या शहाणा झाला हो!” थोरल्यानंही मान वर करून मला शाबासकी दिली. मी काय समजलो? मी समजलो की माझ्या धाकानं ही सगळी सुतासारखी सरळ आली. खोलीत आता गैर काही होतच नाही, मग ओरडायचं कशाला? मी सुखानं हिरवा राहू लागलो.

अशात चष्मेवाली आली.

ती नवी संशोधक विद्यार्थिनी. अंगानं किरकोळ, चष्मा नाकावरून सारखा घसरणारा, आणि प्रश्न विचारायची भारी खोड. तिला नेमका हायड्रोजनचा ओटा मिळाला. म्हणजे रोज आठ-आठ तास ती माझ्या बरोबर खाली बसणार. मला तिचा पहिल्या दिवसापासून संशय आला, आणि तो दोन कारणांनी. एक म्हणजे तिचा डबा आणि मामांचा डबा एकाच चादरीच्या तुकड्यांत बांधलेला असायचा. गाठही तीच. आठवडाभर मी डोळ्यात तेल घालून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. ती मामांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी होती, त्यांच्याच घरी राहत होती. वशिल्यानं आली असं कुणी म्हणू नये म्हणून दोघांनी नातं झाकून ठेवलं होतं. झाकायला फार काही करावंही लागलं नाही. सगळेच मामा म्हणतात, तिथे खरी भाची कोण ओळखणार? ती चारचौघांसारखं “अहो मामा” म्हणायची आणि ते तिला “बाई” म्हणायचे.

खोलीत कुणी नसलं की मात्र मामा स्टुलावर चढून मला पुसता पुसता म्हणायचे, “बोंबल्या, पोरगी तुझ्या हवाली आहे बरं का. ताईला मी शब्द दिलाय. डोळ्यांत तेल घाल.” छाती मला नाही, तरी ती भरून यायची.

दुसरं कारण अधिक गंभीर होतं. ती माझ्याकडे फार बघायची. येता-जाता बघायची. एकदा जेवायच्या सुट्टीत स्टुलावर चढून तिनं माझ्या कुशीवरची चिठ्ठी वाचली, फोटो काढला आणि वहीत काहीतरी लिहिलं. एकदा बोटानं माझ्या नाकावर टिचकी मारली. मग तिची नजर कपाटाच्या पायाकडे गेली. तिनं थोरल्याला कपाट उचलायला लावलं, खालचं पुस्तक ओढून काढलं आणि त्या जागी लाकडाचा तुकडा सरकवला. पुस्तक घेऊन ती कोपऱ्यात वाचत बसली. मी मनात म्हटलं, आलं लक्षात. थोरल्यानं मोजा घातला होता, ही माझं पोटच उघडणार. हिला मी नकोय.

महिन्याच्या सुरक्षा बैठकीत तिनं हात वर केला.

“मॅडम, अलार्मला गॅस देऊन शेवटचं कधी तपासलं?”

मॅडम घाईत होत्या. सोमवारपासून भट्टीवर पन्नास तासांचा प्रयोग सलग चालणार होता आणि त्याचा अहवाल अडून बसला होता. “दर महिन्याला तपासतो आपण. मामा, कार्ड दाखवा हिला.”

मामांनी कार्ड पुढे केलं. “बघा बाई. एक महिना सुटलेला नाही.”

“हे बटण झालं,” ती म्हणाली. “बटणानं भोंगा वाजतो आणि दिवा लागतो. नाक चालतं की नाही, ते कळत नाही. पान अकरावर स्पष्ट लिहिलंय.”

“तरीच!” थोरला म्हणाला. “पान अकरा काढलं म्हणून कपाट डुगडुगतंय होय!”

सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. “म्हणजे इतकी वर्षं मी खोट्या सह्या करत आलो, असंच ना?”

“तसं नाही हो, मामा.”

“मग कसं? आवाज मी माझ्या कानांनी ऐकलाय. प्रत्येक वेळी.”

मॅडमनी दोघांना थांबवलं. तपासणीची बाटली मागवते, म्हणाल्या, पण ती यायला महिना-दीड महिना लागेल, तोवर काम थांबवता येणार नाही. “दिवा हिरवा आहे. बस्स.”

मी वर बसून खूश झालो. कशी जिरली! मामांवर संशय? माझ्यावर संशय? या खोलीत संशय घेणारा एकच आहे, आणि तो मी. एवढा ताठा मला होता, मित्रांनो. आज आठवलं की स्वतःचीच चीड येते.

सोमवार उजाडला. एसी चालू म्हणून खिडक्या बंद होत्या. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचा पट्टा शनिवारीच तुटला होता आणि दुरुस्तीवाला दुपारी येणार होता. थोरल्यानं आठ वाजता येऊन सिलिंडर उघडला, नळीत गॅस भरायला लावला आणि चहाला गेला. अकरा वाजता भट्टी आपोआप पेटेल, असं घड्याळ त्यानं लावून ठेवलं होतं. दहा वाजून वीस मिनिटांनी चष्मेवाली आली. तिनं वाटीत साबणाचं पाणी केलं आणि ब्रशनं नळीच्या एकेका सांध्यावर लावायला सुरुवात केली.

मी खालून येणारा प्रत्येक आवाज टिपत होतो. हिचं काय चाललंय? कालपर्यंत माझ्यामागे होती, आज नळीमागे लागली. तिसऱ्या सांध्याशी तिचा ब्रश थांबला. सांध्यावर एक बुडबुडा धरला, वाढला, फुटला. लगेच दुसरा. मग एकदम चार.

“दादा, इथे बुडबुडे येतायत.”

थोरला चहा पिऊन नुकताच आला होता. “साबण म्हटल्यावर बुडबुडे येणारच की.”

“पुसून पुन्हा लावलं, पुन्हा येतायत. त्याच जागी.”

“अगं, वर बघ. बोंबल्या गप्प आहे ना? गळती असती तर त्यानं आत्तापर्यंत आकाशपाताळ एक केलं असतं.”

ती वर बघायला लागली. थोरला बघायला लागला. कपाटं पुसत असलेले मामाही हातातलं फडकं आणि फवाऱ्याचा डबा तसाच धरून बघायला लागले. आणि मी? मी हवा हुंगली. अगदी मन लावून हुंगली. काही नाही. हवा स्वच्छ आहे. मी शपथेवर सांगायला तयार होतो. ही पोरगी उगाच हूल उठवतेय, मला खोटं पाडायचा डाव आहे हिचा, असंच मला वाटलं.

अडीच तास गॅस गळत होता. छताशी साठला होता. म्हणजे माझ्या अवतीभोवतीच. ज्याची सतरा वर्षं वाट पाहत होतो, तो माझ्या नाकाला नाक लावून बसला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

तिनं माझ्याकडे आणखी क्षणभर पाहिलं. मग सांध्याकडे पाहिलं. आणि तिनं बुडबुड्यांवर विश्वास ठेवला. तडक जाऊन तिनं सिलिंडर बंद केला, वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “कुणी कुठल्याही बटणाला हात लावू नका! चालू आहे ते चालू राहू द्या, बंद आहे ते बंद. सगळे बाहेर. खाली मीटरपाशी भट्टीची लाइन बंद करायला सांगा, तिला वीज मिळता कामा नये.”

“अगं पण इतक्या दिवसांची तयारी...”

“बाहेर!”

किरकोळ पोरीच्या अंगात एवढा आवाज कुठून आला, देव जाणे. सगळे निघाले. जिन्यानं उतरून सायकलींच्या शेडपाशी जमायचं, असा नियम होता. नकाशावरचे कोट खाली पडले, आणि कितीतरी दिवसांनी तो नकाशा माझ्या दृष्टीस पडला. दार लोटलं गेलं. खोली रिकामी झाली.

मग दार पुन्हा उघडलं. मामा होते.

ते अर्ध्या जिन्यावरून माघारी फिरले होते. एका हातात फवाऱ्याचा डबा अजून तसाच होता. त्यांनी स्टूल ओढलं, माझ्याखाली आणलं आणि वर चढले. त्यांचा श्वास फुलला होता. “बोल रे बाबा,” ते म्हणाले. “तुझी-माझी अब्रू जातेय. सगळ्यांसमोर पोरीनं वेड्यात काढलं आपल्याला. आत्ता दाबतो बटण, आणि वाजतोस की नाही ते त्यांना शेडपर्यंत ऐकू जाऊ दे.”

मित्रांनो, एक गोष्ट मामांना माहीत नव्हती. माझं बटण जुनं झालं होतं. दाबलं की आत कधीकधी बारीक ठिणगी पडायची. ती फक्त मला दिसायची. आणि तरी त्या वेळी माझ्या मनात काय होतं, सांगू? मला आनंद झाला होता. दाबा मामा, दाबा, मी म्हणत होतो. आपण दाखवून देऊ तिला. मला जरासुद्धा शंका आली नाही.

मामांचं बोट बटणावर टेकलं.

“मामा, तू खाली उतर!”

दारात चष्मेवाली होती. शेडपाशी डोकी मोजली तेव्हा एक कमी भरलं. कोण कमी आहे ते कळायला तिला दुसऱ्यांदा मोजावं लागलं नाही. एकदा बाहेर पडल्यावर आत यायचं नाही, हा नियम तिनं मोडला होता. तिच्यामागे जिन्यात थोरला आणि मॅडम उभे होते, आणि ती मामांना ‘तू’ म्हणाली हे त्यांनी ऐकलं.

“दाबून दाखवतो तुला, मग बोल,” मामा म्हणाले.

“त्या बटणात ठिणगी पडू शकते. पान बारावर आहे. गॅस सगळा वर साठलाय, तुझ्या डोक्याशी. बोट काढ.”

“हिरवा आहे तो! बघ की!”

“तो मेलाय, मामा.”

मी हादरलो. मेलाय? मी?

मामांचं बोट तिथेच होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माणूस हट्टाला पेटला की त्याला पुढचं काही दिसत नाही. ती पोरगी मग ओरडली नाही. शांतपणे तिनं उंबरा ओलांडला, आत आली आणि स्टुलाशेजारी उभी राहिली. “ठीक आहे,” ती म्हणाली. “दाब. मी इथेच आहे. फक्त आईला आपल्या दोघांचं कोण सांगेल, तेवढं ठरव.”

मामांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बोट मागे घेतलं, अगदी हळू. ते खाली उतरले. तिनं त्यांचा दंड धरला आणि दोघं बाहेर गेले.

तासाभरानं विद्यापीठाचे अग्निसुरक्षा अधिकारी आले. त्यांनी आधी बाहेरच्या शिडीवरून खिडक्या उघडून घेतल्या आणि बराच वेळ वारा खेळू दिला. मग ते हातात एक चिमुकलं यंत्र घेऊन आत आले. ते माझंच भावंड. त्यांनी ते काठीला बांधून छताशी धरलं, आणि ते पोर जिवाच्या आकांतानं बोंबलायला लागलं. इतका वारा खेळूनही कोपऱ्यात गॅस उरला होता. ते माझ्या कानाशी येऊन बोंबलत होतं, आणि मी हिरवा. तेव्हा, मित्रांनो, तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात तो विचार आला. मी सगळ्यांवर संशय घेतला होता. थोरल्यावर, केस फवारणाऱ्यावर, त्या पोरीवर, डब्याच्या गाठीवरसुद्धा. स्वतःच्या नाकावर एकदाही घेतला नाही.

संध्याकाळी हवा निवळली तेव्हा त्यांनी मला उतरवून उघडलं. भिंगातून माझा मणी बघितला आणि विचारलं, “इथे फवाऱ्याचं पॉलिश कोण वापरतं?”

मामांनी हातातला डबा वर केला. सकाळपासून तो त्यांच्या हातून सुटलाच नव्हता.

“यातल्या चमकवणाऱ्या सिलिकोननं मण्यावर थर धरतो. मग त्याला काही जाणवत नाही. भोंगा ठीक, दिवा ठीक, नाक गेलेलं.”

“म्हणजे मी ह्याला चमकवून चमकवून मारलं?” मामा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की अधिकाऱ्यांनी त्यांना पुन्हा विचारलं. मग मामांनी आपण होऊन सगळं सांगितलं. बटण दाबायचो, आवाज ऐकायचो, सही करायचो. नाकाला गॅस कधी दिला नाही. द्यायचा असतो हे ठाऊक नव्हतं, आणि पोरीनं सांगितलं तेव्हा ऐकलं नाही.

मॅडमनी कार्ड मागून घेतलं. मामांच्या प्रत्येक सहीखाली त्यांची सही होती, कारण तसा नियम होता. आणि जे महिने अजून यायचे होते, त्यांच्यापुढेही मॅडमची सही होती. थेट डिसेंबरपर्यंत. दर महिन्याला कोण आठवण ठेवणार, म्हणून त्यांनी एका बैठकीत सगळ्या उरकून टाकल्या होत्या. ते कार्ड त्यांनी अधिकाऱ्यांच्या हातात ठेवलं. “मामांचं नाव पहिलं लिहू नका,” त्या म्हणाल्या. “माझं लिहा.”

आता माझ्या जागी नवा अलार्म आहे. त्याच्या नाकाला दर महिन्याला बाटलीतला गॅस मिळतो. त्या वेळी दोन माणसं हजर लागतात, आणि सही त्याच दिवशी होते. मला मॅडमनी फेकू दिलं नाही. मी दाराजवळच्या टेबलावर असतो. दरवर्षी नवे विद्यार्थी येतात, तेव्हा मला वीज जोडतात आणि मामा माझ्या नाकाशी गॅस सोडतात. मी हिरवाच राहतो. “आता सांगा,” मामा विचारतात, “हवा स्वच्छ आहे का?” सगळी मुलं माझ्याकडे बघून “हो” म्हणतात. दरवर्षी म्हणतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण मी ते सोसतो. या वयात एवढाच माझा उपयोग.

तेव्हा तुमच्याकडे एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या शाळेत, घरात, दवाखान्यात भिंतीवर एखादा लाल अग्निशामक, एखादा भोंगा, संकटात पळायचं एखादं दार असेलच. त्याला पुसू नका, त्याला नमस्कार करू नका. त्याच्यावर संशय घ्या. दार खरंच उघडतं का, अग्निशामकाचा काटा पुरेसा दाब दाखवतो का, भोंग्याचं नाक जिवंत आहे का, ते विचारा. ज्यानं तपासलं त्याला विचारा, कसं तपासलंस? तो तुमचा जवळचा माणूस असेल तर त्याला फार राग येईल. येऊ द्या.

मामांनाही आला होता. सगळ्यांसमोर “तो मेलाय” म्हणाली, चारचौघांत अरेतुरे केलं, म्हणून त्या सोमवारनंतर त्यांनी भाचीशी अबोला धरला. घरात एकाच टेबलावर समोरासमोर बसून जेवायचे आणि मीठ हवं असलं तर बहिणीला फोन करून सांगायचे, की तुझ्या मुलीला म्हणावं मीठ सरकव. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच डबा बांधला, तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “चल, उशीर होतोय.” चार दिवस चालला तो अबोला. पण तो धरायला दोघंही जिवंत होते.